घारीची पाठ

आमच्या औराद तालुक्यात एक व्यवस्था आहे. ती कुठल्याही कायद्याच्या पुस्तकात नाही, तरी निजामाच्या अमलापासून आजतागायत तिच्यात कुणी ढवळाढवळ केलेली नाही. माणूस जेवत असेल आणि दारावरून दुसरा चालला असेल, तर जेवणाऱ्यानं "या जेवायला" म्हणायचं. चालणाऱ्यानं "होऊ द्या" म्हणून चालत राहायचं. तसंच, गावाला निघालेल्याला वाटेत कुणी "कुठं जायलाव?" म्हणून विचारलं, तर त्यानं ठिकाण सांगून "चला की" म्हणायचं, आणि विचारणाऱ्यानं "व्हा पुढं" म्हणायचं. यात बोलावणाऱ्याची माणुसकी सिद्ध होते, त्याची भाकरीही शिल्लक राहते आणि दोघेही आपापल्या कामाला लागतात. मी तालुका पंचायतीत विस्तार अधिकारी म्हणून नोकरी संपवली. इतकी बिनखर्चाची आणि बिनतक्रारीची योजना मी दुसरी पाहिली नाही.

ही योजना २०१० च्या दिवाळीनंतर आमच्या संतपूर गावात कोलमडली. कशी, ते क्रमानं सांगतो. सांगण्याचा अधिकार माझाच आहे, कारण परदेश दौऱ्याच्या शिष्टमंडळाचा सचिव मी, तात्याराव, होतो.

सुरुवात माझ्या शेजारच्या घरात झाली. तिथं नागूबाई राहतात. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. मेंढरं आता गेली, तुकडाभर सोयाबीन आणि एक म्हैस राहिली. मालक वारले. मुलगा श्रीशैल हैदराबादच्या एका यात्रा कंपनीत स्वयंपाकी आहे. कंपनी लोकांना काशी, गया करून नेपाळात नेते आणि श्रीशैल वाटेत सगळ्यांना वरण-भात करून घालतो. नागूबाई मोबाइल कानाला लावत नाहीत, स्पीकरवर ठेवून हातभर लांब धरतात. त्यामुळं त्यांच्या घरातल्या गोष्टी मला भिंतीपलीकडून आपोआप कळतात. मी मुद्दाम ऐकत नाही.

"आई," श्रीशैल सांगत होता, "इथं पोखऱ्याला माणसं डोंगरावरून उडायलेत. मोठ्या रंगीत कापडाला लटकून. मागं उडवणारा असतो, पुढं आपण. आपल्याला काही करावं लागत न्हाई. नुस्तं चार पावलं पळायचं."

"आन् घारी असत्यात काय तिथं?"

"असत्यात की. बाजूनंच फिरत्यात. कवा कवा माणसाच्या खालून बी जात्यात."

"घार खाली आन् माणूस वर?"

"व्हय."

मला वाटलं, फोन कटला. मग नागूबाई म्हणाल्या, "मला न्हे."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरून सहज चौकशी केली, तेव्हा त्यांनी कारणही सांगितलं. "जन्म माळावर गेला, तात्या. नव्या कोकरावर घारीचा डोळा असतोय, म्हणून माझा डोळा घारीवर. सारी उमर तिचं पोट बघितलं. पाठ कसली असती ते एकदा बघावं म्हणते." एवढंच. बाईनं आयुष्यात दुसरं काही मागितल्याचं माझ्या तरी कानावर नाही, आणि माझ्या कानावर बरंच येतं.

श्रीशैलनं आठवड्यात सगळं जमवलं. कंपनीच्या गाडीत दोन जागा, डोंगरावर आईच्या नावानं एक उड्डाण. नेपाळला पासपोर्टही लागत नाही. दोन माणसांचं काम दोन माणसांत संपलं. आमच्याकडच्या कामकाजाच्या पद्धतीला हे धरून नव्हतं, आणि ते फार काळ टिकलंही नाही.

नागूबाई नव्या चपला घेऊन बाजारातून येत होत्या. मी ओट्यावर बसलो होतो. मी विचारलं, "कुठली तयारी, नागूबाई? कुठं जायलाव?"

"पोखऱ्याला. उडायला," त्या म्हणाल्या. मग रीतीप्रमाणं म्हणाल्या, "चला की."

आता व्यवस्थेनुसार मी "व्हा पुढं" म्हणायला हवं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण मी विचार केला. विस्तार अधिकारी असूनही मी सगळ्या नोकरीत औराद तालुक्याबाहेर कशाचाच विस्तार केलेला नव्हता. शिवाय एखाद्यानं प्रेमानं बोलावलं आणि आपण ते वरवरचं आहे असं धरून चाललो, तर तो बोलावणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा अपमान होतो. नागूबाईंचा अपमान माझ्या हातून होणं शक्य नव्हतं.

"बरं," मी म्हणालो, "येतो."

नागूबाईंच्या हातातली पिशवी खाली टेकली. "चला की"ला असं उत्तर त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. पण बाई रीतभात जाणणारी. "या की," त्या म्हणाल्या, आणि घरात गेल्या.

आता निघणारा मी होतो, म्हणजे रीत पाळणं मलाही भाग होतं. संध्याकाळी संगमेश अण्णांच्या आडत दुकानात बसलो होतो. तुरीचा भाव काय चाललाय, ते विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काय नवीन?" मी म्हणालो, "नेपाळला जायलोय, अण्णा. चला की." संगमेश अण्णांनी क्षणभर वजनकाट्याकडं बघितलं आणि घराकडं तोंड करून घरच्या कानडीत हाक दिली, "भुवनेश्वरी, नेपाळक्क होगोणेनु?" नेपाळला जायचं का, म्हणून. आतून त्यांच्या पत्नीचा प्रश्न आला, "यावाग?" कधी, एवढंच. कशाला, हे कुणीच विचारलं नाही. अण्णांचं कारण मला पुढं कळलं. त्यांच्या मेहुण्याचा हुमनाबादला हायवेवर ढाबा आहे. मेहुणा दुबईला जाऊन आला होता आणि उंटाशेजारचा फोटो त्यानं गल्ल्यावर लावला होता. तेव्हापासून अण्णा त्या ढाब्यावर जेवले नव्हते.

अण्णांनी भीमण्णांना "चला की" म्हटलं. भीमण्णा ग्रामपंचायतीचे सदस्य. ते उलट नाराज झाले. "गावातली माणसं देशाबाहेर जायलेत आन् पंचायतीला कळीवलं न्हाई? हे बरोबर न्हाई, अण्णा." त्यांची नाराजी दूर करण्यासाठी त्यांना आणि त्यांच्या चार कार्यकर्त्यांना, जे एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत, घ्यावं लागलं. मग नागूबाईंचे धाकटे दीर सिद्धप्पा आले. "भावजय परमुलुखात निघाली, आन् घरचा बाप्या संगं न्हाई. लोक काय म्हणतील?" लोक तोपर्यंत काहीच म्हणाले नव्हते, पण म्हणण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. सिद्धप्पाला बाहेरचं तिखट सोसत नाही म्हणून त्याची बायको जगदेवी. जगदेवीला एकटीला करमत नाही म्हणून तिची बहीण.

भिंतीपलीकडून श्रीशैलचा आवाज आला. "आई, आपण दोघंच जायचं म्हणालो होतो की. बारा माणसं कामून?"

"यायलेत म्हणायलेत, बाळा. आता न्हाई कसं म्हणावं? मीच चला की म्हणले."

"तू तात्याला म्हणलीस. बाकीच्यांना कोण म्हणलं?"

"एकच झालं ते," नागूबाई म्हणाल्या. बाई समजूतदार आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

कंपनीनं बारा जागांची वेगळी गाडी देऊ केली. श्रीशैलला तोवर आधीच्या तुकडीबरोबर जावं लागणार होतं. तो काशीत आमच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसणार, असं ठरलं. बारा माणसं झाली की शिष्टमंडळ होतं आणि शिष्टमंडळ झालं की बैठक घ्यावीच लागते. ती भीमण्णांच्या ओसरीवर झाली. पहिला विषय, नेपाळ हा परदेश आहे काय. भीमण्णांचे एक कार्यकर्ते म्हणाले, पासपोर्ट लागत नाही तर तो परदेश कसला, मग आपण नुस्तं करजगी गावाला जाऊन आलो तरी चालतंय. वातावरण गंभीर झालं. मग मी माहिती सादर केली की नेपाळातलं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढं असतं. यावर चर्चा होऊन नेपाळ हा पंधरा मिनिटांचा का होईना, परदेश आहे, असं सर्वानुमते ठरलं. अण्णांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

दुसरा विषय पदांचा. भीमण्णा अध्यक्ष, अण्णा खजिनदार, मी सचिव. भुवनेश्वरी अक्का महिला प्रतिनिधी. सिद्धप्पा रुसू नये म्हणून त्याच्यासाठी निरीक्षक हे पद नव्यानं निर्माण करण्यात आलं. नागूबाईंना पद दिलं नाही. ज्याच्यामुळं काम निघतं त्याला पद द्यायची पद्धत कुठल्याच खात्यात नाही. त्यांचा उल्लेख मूळ प्रस्तावक असा करण्यात आला. त्या उंबऱ्यात बसून ऐकत होत्या.

तिसरा विषय तारखेचा. सोयाबीनची रास झाल्याशिवाय अण्णांना हलता येत नव्हतं, मध्ये भीमण्णांच्या घरी एक लग्न होतं, आणि येळवशीच्या आत परत यायलाच हवं होतं. येळवशीला आमच्याकडं अख्खं गाव शेतात जाऊन सगळ्या भाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील खातं. त्या दिवशी जो हजर नाही, तो मेला असं समजतात. शेवटी डिसेंबर धरला. श्रीशैलला आईचं उड्डाण पुढं ढकलायला सांगितलं. त्यानं ढकललं, आमची अकरा नावंही घातली.

"काही अडचण?" भीमण्णांनी विचारलं.

"पळायचं किती लागतंय?" उंबऱ्यातून नागूबाईंनी विचारलं.

उडण्यापूर्वी पळावं लागतं, ही बाब एकाही पदाधिकाऱ्याच्या लक्षात आली नव्हती.

म्हणून गावाबाहेरच्या माळावर सराव शिबिर घेण्यात आलं. उतारावरून पळत यायचं आणि पाठीशी भुवनेश्वरी अक्कांच्या घरची चादर दोघांनी धरायची. भीमण्णा धावले, म्हणजे पहिली चार पावलं धावले आणि पुढची सगळी त्यांच्या पोटानं त्यांना ओढून नेली. सिद्धप्पा बाभळीत गेला. अक्का पदर खोचून दोनदा तयार झाल्या आणि दोनदा "अय्यो शिवा" म्हणून खाली बसल्या. मी छातीच्या ठोक्यांमुळं देखरेखीचं काम पत्करलं. नागूबाई चपला काढून हातात घेऊन धावल्या. मेंढरामागं धावलेली बाई ती. चादर धरणारे दोघं मागं राहिले आणि चादर नागूबाईंबरोबर निघून गेली. खाली थांबून त्या वर बघायला लागल्या, तर घार होतीच.

"आणखी थोडं दिवस थांब म्हणावं," त्या घारीकडं बघून म्हणाल्या. मला ते ऐकून बरं वाटलं, हे मी इथं नमूद करतो.

बसस्टँडवर डिजिटल बोर्ड लागला. "संतपूरचे सुपुत्र आकाशात." बोर्डावर अकरा जणांचे फोटो होते. नागूबाईंचा फोटो कुणाकडं नव्हता, आणि काढून आणायला वेळ नव्हता, कारण बोर्ड छापणारा औरादला थांबला होता. त्यांची जागा मोकळी दिसू नये म्हणून तिथं घारीचं चित्र टाकण्यात आलं. ते चित्र पोटाकडूनच काढलेलं होतं. नागूबाईंनी बोर्ड बघितला आणि म्हणाल्या, "छान निघाली हाय." कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

आता राहिला जेवणाचा प्रश्न. परदेशातल्या अन्नाचा भरवसा धरता येत नाही. शिष्टमंडळानं ठरवलं की जाता-येता कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायची. आमच्याकडची ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि वाळलेली असते, महिनाभर टिकते. ती करायची कुणी? भुवनेश्वरी अक्कांकडं महिला प्रतिनिधित्वाचं काम होतं. जगदेवीची भाकरी मऊ होते. उरल्या नागूबाई. त्यांच्या हातची भाकरी चंद्रासारखी गोल आणि काचेसारखी कडक, हे सगळ्या गावाला माहीत होतं. "तुम्हीच करा की, अक्का," अध्यक्ष त्यांना म्हणाले. नागूबाईंनी चूल पेटवली ती आठवडाभर विझवली नाही. रोज पहाटे भिंतीपलीकडून थापण्याचा आवाज यायचा, आणि त्या आवाजात मला फार गाढ झोप लागायची.

निघायच्या दिवशी गाडी देवळासमोर लागली. हार झाले, नारळ फुटला, भीमण्णांचं भाषण झालं. त्यांनी सांगितलं की हे उड्डाण एका व्यक्तीचं नसून गावाचं आहे. टाळ्या नागूबाईंनीही वाजवल्या. त्यांनी नव्या चपला घातल्या होत्या, हातात एक गाठोडं होतं आणि म्हैस शेजारच्या लिंगम्माकडं सोपवून झाली होती.

मग सामान चढलं. बॅगा टपावर गेल्या. भाकरीचे डबे टपावर ठेवायला सिद्धप्पानं घेतले, तेव्हा भुवनेश्वरी अक्कांनी अडवलं. काशीपर्यंत रस्ता खराब आहे, वर ठेवले तर सगळ्याचा चुरा होईल. म्हणणं रास्त होतं. कडक भाकरीला धक्का सोसत नाही. माणसाला सोसतो, पण माणसाला टपावर बसवणं वाहतुकीच्या नियमात बसत नाही. डबे आत आले. ड्रायव्हरशेजारच्या जागेवर काशीपर्यंतच्या पाण्याचे कॅन आधीच बसले होते. मधल्या वाटेत ठेवले तर पाय ठेवायला जागा राहीना. म्हणून, तात्पुरते, ते मागच्या खिडकीशेजारच्या रिकाम्या जागेवर रचण्यात आले. ते छतापर्यंत गेले.

ती जागा रिकामी होती, कारण नागूबाई खाली उभ्या राहून सगळ्यांना चढू देत होत्या.

अकरा माणसं बसली. नागूबाई दारापाशी आल्या. त्यांनी आत बघितलं. आपल्या भाकरी आपल्या जागेवर बसलेल्या त्यांना दिसल्या.

कुणी काही केलं नाही, असं म्हणता येणार नाही. गाडीतल्या प्रत्येकानं त्यांना बोलावलं. "बर्री अक्का," भुवनेश्वरी अक्का म्हणाल्या आणि खिडकीकडं अर्धा इंच सरकल्या. "या की, वैनी," सिद्धप्पा म्हणाला. तो सरकू शकत नव्हता, त्याच्या मांडीवर चटणी होती. "अडजस्ट होतंय, या की," भीमण्णा म्हणाले आणि मागं वळून डब्यांकडं बघितलं. मी दारालगतच होतो. सगळ्यात मनापासून मीच म्हणालो, "चला की, नागूबाई."

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली होती. नागूबाईंचा एक पाय पायरीवर होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग एकेकाकडं बघितलं. कुणी उठतंय का ते त्या बघत होत्या, असं मला त्या वेळी वाटलं, पण सूर्य समोर होता, नीट दिसत नव्हतं. मग त्यांनी पाय खाली घेतला. पदर सारखा केला. जन्मभर जे बोलत आल्या तेच बोलल्या.

"व्हा पुढं," त्या म्हणाल्या.

आणि आम्ही झालो. व्यवस्थेप्रमाणं हे उत्तर अंतिम असतं. त्यानंतर आग्रह करण्याची तरतूद नाही.

काशीत श्रीशैल भेटला. त्यानं गाडीचं दार उघडून एकेक तोंड बघितलं, डबे बघितले, परत तोंडं बघितली. बाजूला जाऊन फोन लावला. तोही स्पीकरवर ठेवूनच बोलतो. "तू लोकांना नीट दाखीव, बाळा," नागूबाई सांगत होत्या. "म्हशीला लिंगम्माची सवय न्हाई. पुढच्या साली बघू." त्या रात्री श्रीशैलनं आम्हाला वरण केलं त्यात मीठ नव्हतं. दुसऱ्या दिवशीही नव्हतं. शिष्टमंडळानं त्याकडं दुर्लक्ष केलं, कारण चटणी खारट होती.

पोखऱ्याच्या टेकडीवर आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन स्वच्छ होतं. समोर बर्फाचे डोंगर, खाली तळं. रंगीत कापडं जमिनीवर पसरलेली होती आणि कड्याच्या पलीकडं काहीच नव्हतं. हे शेवटचं आम्ही संतपुरात विचारात घेतलं नव्हतं. हेल्मेट घालून, पट्टे बांधून आम्ही रांगेत उभे राहिलो. फोटो काढले. तो भाग उत्तम पार पडला.

उडवणाऱ्या माणसानं यादी बघून नाव पुकारलं. "नागूबाई कौन हैं?"

अण्णा बूट बघत होते. मी डोंगरांची पाहणी करत होतो. त्यानं परत पुकारलं. श्रीशैल म्हणाला, "नहीं आईं." तेवढंच म्हणाला.

"तो फिर पहले कौन?"

आणि इथं, घरापासून इतक्या लांब, आम्हा सगळ्यांना आमच्या गावची रीत एकदम आठवली. भीमण्णा म्हणाले, "अण्णा, तुम्ही व्हा पुढं." अण्णा म्हणाले, "छे, अध्यक्षांच्या आधी मी कसा जाणार? तुम्ही व्हा पुढं." भीमण्णा माझ्याकडं वळले. "तात्या वयानं मोठे हायत. त्यांचा मान." मी महिलांना प्राधान्य द्यावं असं सुचवलं. भुवनेश्वरी अक्कांनी जगदेवीचा हात धरून तिला पुढं केलं. जगदेवी म्हणाली, मालकाच्या आधी ती कधी जेवलीसुद्धा नाही. सिद्धप्पानं सांगितलं की तो निरीक्षक आहे आणि निरीक्षण खालूनच नीट होतं. भीमण्णांचे चार कार्यकर्ते एकमेकांना इतक्या आदरानं बोलत होते की मला ते भाऊ आहेत, याचा विसर पडला. एवढं सौजन्य त्या टेकडीनं पूर्वी पाहिलं नसावं.

दुपारी वारं फिरलं. उडवणाऱ्यांनी कापडं गुंडाळायला सुरुवात केली. त्यातला एक श्रीशैलला म्हणाला, तुझ्या आईच्या नावाचं उड्डाण वाया चाललंय, शेवटचं एक अजून जमेल, तू तरी चल. श्रीशैल कड्याकडं बघत उभा होता. खाली, बरंच खाली, एक घार फिरत होती. त्यानं तिच्याकडं पाठ केली. "वो माँ की जगह है," तो म्हणाला, आणि डब्यांपाशी जाऊन बसला.

परतीच्या वाटेवर शिष्टमंडळाची बैठक गाडीतच झाली. गावात काय सांगायचं, हा एकच विषय होता. टेकडी संतपूरपेक्षा उंच आहे, ही वस्तुस्थिती होती. त्यामुळं "वर जाऊन आलो" या वाक्यात असत्य काहीच नव्हतं. पट्टे बांधलेले फोटो होतेच. श्रीशैल काशीतच उतरला. उतरताना त्यानं रिकामे डबे मोजून माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "आईला द्या."

गावात सत्कार झाला. अण्णांनी हेल्मेटमधला फोटो मोठा करून घेतला आणि पहिल्यांदा जाऊन मेहुण्याच्या ढाब्यावर पोटभर जेवले. चार दिवसांनी येळवस आली. नागूबाईंच्या तुकड्यात कडब्याची खोप घातली होती. आम्ही बांधावरून जाताना त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "या जेवायला."

"होऊ द्या" असं कुणीच म्हणालं नाही. सगळं शिष्टमंडळ बसलं.

भज्जी झकास होती. नागूबाई आंबील वाढत फिरत होत्या. दुसरी वाढ झाल्यावर त्या आमच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी विचारलं, "घारीची पाठ कसली असती?"

भीमण्णांचा घास थांबला. "काळी," ते म्हणाले. त्याच वेळी अण्णा "तांबडी" म्हणाले. भुवनेश्वरी अक्कांना ती राखाडी दिसली होती. सिद्धप्पा म्हणाला, ठिपके होते. मी अनुभवी माणूस. मी म्हणालो, "उन्हावर असतंय ते, नागूबाई. ऊन बदललं की रंग बदलतो."

नागूबाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. "इतक्या तऱ्हेच्या घारी हायत व्हय तिकडं," त्या म्हणाल्या. मग माझ्या वाटीत आंबील ओतता ओतता म्हणाल्या, "श्रीशैल म्हणायला होता, त्या दिवशी वारं लई होतं."

वाटी भरली, तरी त्या ओतत होत्या. आंबील माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेली. मी हात हलवला नाही. त्यांनी मग भांडं खाली ठेवलं, डोळ्यांवर हात धरला आणि वर बघितलं. शेतावर एक घार फिरत होती. आम्ही सगळ्यांनीच वर बघितलं. पोट दिसत होतं.

पुढच्या साली परत जायचं ठरलं आहे. या वेळी चूक होणार नाही. नागूबाईंचं नाव मी स्वतः सगळ्यात वर लिहिलं आहे. गाडी बारा जणांचीच आहे, अकरा जागा भरल्यात, आणि बारावी कुणाची, ते तुम्हाला सांगायला नको. पण तुम्ही इतका वेळ बसून सगळं ऐकून घेतलंत. आता तुम्हाला न विचारता पुढं जाणं आमच्या रीतीत बसत नाही. तेव्हा, चला की.

यावर काय म्हणायचं असतं, ते तुम्हाला ठाऊक असेलच. ठाऊक आम्हालाही होतं.